स्वभावाला औषध

१९५१ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात एक बाई रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राहायची. तिची दीड वर्षाची मुलगी उभी राहत नव्हती, चालत नव्हती, बोलत नव्हती. खाण्यात लक्ष नाही, आजूबाजूच्या माणसांत लक्ष नाही. दिवसभर कण्हणं, रडणं आणि डोकं आपटणं. रोगाचं निदान झालं होतं आणि यावर इलाज नाही, हेही तिला सांगून झालं होतं. निदान अगदी अचूक होतं, पण ते घेऊन आईने काय करायचं? काही सापडलं का, एवढंच ती रोज विचारायची. होर्स्ट बिकेल या तरुण डॉक्टरने पुढे सांगितलं आहे की त्या बाईच्या तगाद्यामुळेच तो कामाला लागला.

रोगाचं नाव फिनाइलकीटोनयुरिया, डॉक्टरांच्या बोलण्यात पीकेयू. डाळ, दूध, अंडं, मटण यांतून आपण जी प्रथिनं खातो त्यांत फिनाइलअ‍ॅलनिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. यकृतातलं एक एन्झाइम त्याचं टायरोसिन करतं. पीकेयूमध्ये हे एन्झाइम जन्मतःच निकामी असतं, त्यामुळे फिनाइलअ‍ॅलनिन रक्तात साचत जातं. एरवी शंभर मिलिलिटर रक्तात ते साधारण एक मिलिग्रॅम असतं, या मुलांत ते विसाच्याही वर जातं. मग ते अन्नातूनच काढून टाकलं तर? लंडनच्या लुई वुल्फ यांनी ही कल्पना मांडली होती. अडचण अशी की वाढत्या बाळाला पुरेल आणि तरी ज्यात फिनाइलअ‍ॅलनिन नाही, असं प्रथिन निसर्गात मिळतच नाही. बिकेल, जॉन जेरार्ड आणि एव्हलिन हिकमन्स यांनी ते बनवलं. दुधातल्या केसिनचं विघटन करून ते त्यांनी कोळशाच्या थरातून गाळलं. कोळसा फिनाइलअ‍ॅलनिन धरून ठेवतो. त्याच्याबरोबर जी गरजेची आम्लं अडकली, ती वरून परत घातली.

काही महिन्यांत मुलगी रांगायला लागली, उभी राहायला लागली, खुर्चीवर चढायला लागली. डोळ्यांत चमक आली, केस गडद झाले, रडणं आणि डोकं आपटणं थांबलं. डॉक्टरांचं मात्र समाधान झालं नाही. मूल वयानं वाढतंय, सगळ्यांचं लक्षही तिच्याकडे वाढलंय, हा त्याचाच परिणाम कशावरून नसेल? म्हणून त्यांनी आईला न सांगता मुलीच्या अन्नात रोज पाच ग्रॅम फिनाइलअ‍ॅलनिन मिसळायला सुरुवात केली. सहा तासांत रडणं आणि डोकं आपटणं परत सुरू झालं. चोवीस तासांत तिला उभं राहता येईना, रांगणंही जेमतेम उरलं. आजची कुठलीही नीतिसमिती या लपवाछपवीला परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. तोच प्रयोग पुढे आईच्या संमतीने रुग्णालयात पुन्हा झाला. निकाल तोच आला. १९५३ साली ही हकिगत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली.

स्वभावाला औषध नाही, असं आपण सहज म्हणून जातो. इथे एका मुलीचं वागणं सहा तासांत पालटलं होतं, आणि ते पालटवणारा पदार्थ वजनकाट्यावर तोलता येत होता. रक्तातल्या अमुक घटकावरून तुमचं मन, स्मरणशक्ती, पुढचा स्मृतिभ्रंश यांविषयी सांगता येतं, असे दावे हल्ली पुष्कळ ऐकू येतात. अशा घटकांना बायोमार्कर म्हणतात. दावा कानावर आला की मी बर्मिंगहॅमची कसोटी लावून पाहतो: आकडा बदलला तर माणूस बदलतो का? फार थोडे बायोमार्कर या कसोटीला पूर्ण उतरतात. जे उतरतात, ते मात्र आयुष्य वाचवतात.

पीकेयूचा शोध लागला तो आणखी मागे, १९३४ साली, नॉर्वेतल्या ऑस्लोमध्ये. तिथेही सुरुवात एका आईपासूनच झाली. बोर्ग्नी एगेलँड या बाईंची दोन्ही मुलं मतिमंद होती आणि दोघांच्या अंगाला एक विचित्र कुबट वास येत असे. अनेक डॉक्टर झाले. वासाकडे कुणी लक्ष दिलं नाही. शेवटी प्रकरण आस्ब्यर्न फ्योलिंग यांच्याकडे आलं. ते वैद्य होते, पण त्याआधी रसायनशास्त्र शिकलेले होते, आणि इथे तेच कामी आलं. त्यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. मधुमेहींच्या लघवीत कीटोन आहेत का, हे पाहण्याची ती त्या काळची नेहमीची तपासणी. कीटोन असले तर लालसर रंग येतो, नसले तर द्रावण तपकिरी राहतं. इथे रंग आला गर्द हिरवा, आणि थोड्या वेळाने विरला. असा रंग पुस्तकात कुठे नव्हता. फ्योलिंग यांनी आईला आणखी लघवी आणायला सांगितली. तिने हळूहळू जवळपास वीस लिटर आणली. त्यातून त्यांनी तो हिरवा रंग देणारा पदार्थ शुद्ध करून ओळखला: फिनाइलपायरुविक आम्ल. मग मतिमंदांच्या संस्थांमधल्या ४३० जणांची लघवी तपासली, तर आणखी आठ जण सापडले. मतिमंद म्हणून सरसकट एकत्र कोंडलेल्या माणसांतून एका रंगाने एक वेगळा आजार बाजूला काढला होता. एगेलँड बाईंच्या मुलांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही. पथ्य सापडायला अजून जवळपास वीस वर्षं होती.

फिनाइलअ‍ॅलनिन साचलं तर मेंदूत नेमकं काय बिघडतं? रक्तातून मेंदूत जाणाऱ्या मोठ्या अमिनो आम्लांसाठी एक सामाईक वाहक असतो. गणपतीच्या दिवसांत कोकणात जाणाऱ्या एसटीच्या दारात एकच गट मुसंडी मारून शिरतो आणि बाकीचे फलाटावर राहतात, तसं इथे होतं. फिनाइलअ‍ॅलनिनची गर्दी टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅनला आत जाऊ देत नाही. टायरोसिनपासून डोपामिन बनतं आणि ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन, म्हणजे लक्ष, उत्साह, मूड यांच्याशी निगडित रसायनांचा कच्चा मालच तुटतो. त्यामुळेच लहानपणी पथ्य पाळून शहाणे झालेले रुग्ण मोठेपणी ते सोडून देतात तेव्हा काहींची एकाग्रता जाते, चिडचिड आणि चिंता वाढते. त्यांच्यापुरता स्वभाव आणि रक्ताचा रिपोर्ट यांचा संबंध रोजच्या अनुभवाचा असतो.

पथ्य पहिल्या काही आठवड्यांत सुरू झालं तरच मेंदू वाचतो, आणि त्या वयात बाळ बाहेरून अगदी ठणठणीत दिसतं. हा पेच अमेरिकेतल्या बफेलोच्या रॉबर्ट गथ्री यांनी सोडवला. त्यांचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता, आणि एका भाचीला पीकेयू असल्याचं उशिरा कळलं होतं. बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब टिपकागदावर घ्यायचे, वाळवायचे आणि पोस्टाने प्रयोगशाळेत पाठवायचे, एवढी साधी पद्धत त्यांनी काढली. १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने ती सगळ्या नवजात बाळांसाठी सक्तीची केली. आपल्याकडे गोवा सरकारने २००८ मध्ये असा कार्यक्रम सुरू केला होता, देशात तो बराच लवकरचा. बाकी भारतात आजही ही तपासणी बहुतेक ठिकाणी आईबापांच्या खिशावर आणि रुग्णालयाच्या सवयीवर अवलंबून आहे. हे मला फार चुकीचं वाटतं, आणि ते पीकेयूमुळे नाही. पीकेयू आपल्याकडे विरळा. पण जन्मजात थायरॉइड कमी असणं विरळा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पाच शहरांत, त्यात मुंबईही होती, सुमारे एक लाख बाळं तपासली, तेव्हा दर हजार-अकराशे बाळांमागे एकात तो दोष निघाला. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची स्वस्त गोळी सुरू झाली तर ते मूल इतरांसारखं वाढतं. राहिली, तर बुद्धीचं झालेलं नुकसान नंतर कितीही औषध दिलं तरी भरून येत नाही.

मोठ्या माणसांत थायरॉइड इतकी निर्णायक नसते, पण फसवी असते. लंडनचे डॉक्टर रिचर्ड अ‍ॅशर यांनी १९४९ मध्ये चौदा रुग्णांची हकिगत छापली. हे लोक वेडसर म्हणून गणले गेले होते, कुणाला संशय, कुणाला भास. त्यांचे सुजट चेहरे, जाडसर आवाज, कोरडी कातडी आणि सतत वाजणारी थंडी यांची सांगड अ‍ॅशर यांनी थायरॉइडशी घातली. थायरॉइडचा अर्क दिल्यावर त्यांतले बरेच जण भानावर आले. या लेखामुळे मानसिक रुग्णाची थायरॉइड तपासायची प्रथा पडली. पण इथे आकड्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. थायरॉइड मंदावली की रक्तात वाढणारा टीएसएच थोडासाच वाढलेला, म्हणजे साडेचारच्या जागी सहा, आणि माणूस म्हणतो थकवा येतो, उत्साह नाही. गोळी द्यायची? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत पासष्टीपुढच्या ७३७ जणांना गोळी किंवा तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली. गोळीने टीएसएच व्यवस्थित खाली आला. थकव्यात काडीचा फरक पडला नाही. बर्मिंगहॅमच्या कसोटीत हा आकडा नापास.

त्या मानाने सोडियम पास होतं. घरातला म्हातारा माणूस दोन दिवसांत असंबद्ध बोलायला लागतो, रात्री उठून गावाला निघायची भाषा करतो, सुनेला ओळखत नाही. एकेकाळी गावात बाहेरची बाधा म्हणत, शहरात वय झालं म्हणतात. रुग्णालयात नेल्यावर तासाभरात डॉक्टर सांगतात, सोडियम कमी झालंय. लिटरमागे १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट हवं तिथे ११५ निघतं. बहुतेक वेळा कारण घरातच असतं: रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी, त्यात कुणीतरी सांगितलं म्हणून मीठ तोडलेलं, वर उलट्या-जुलाब. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही सोडियम उतरतं, म्हणजे मनासाठी दिलेलं औषधच मन बिघडवतं. सोडियम वर आलं की आजोबा पुन्हा पेपर मागतात. मात्र ते हळूहळूच वर आणावं लागतं. एका दिवसात भराभर चढवलं तर मेंदूच्या खोडातल्या मज्जातंतूंची आवरणं नष्ट होऊ शकतात. आकडा दुरुस्त, माणूस कायमचा जायबंदी, असंही होऊ शकतं.

साखरेच्या बाबतीत ही कसोटी डॉक्टरांनी केव्हाच लिहून ठेवली आहे. अमेरिकन सर्जन अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३०च्या दशकात तीन अटी घातल्या: लक्षणं हवीत, त्याच वेळी रक्तातली साखर कमी हवी, आणि साखर दिल्यावर लक्षणं जायला हवीत. तिन्ही जुळल्या तरच साखर उतरल्यामुळे हे झालं असं म्हणायचं. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असतो, पण शरीराची विसेक टक्के ऊर्जा खातो आणि ती बहुतांशी साखरेतून घेतो. साखर सत्तरच्या खाली गेली की अ‍ॅड्रेनलिन उसळतं: घाम, थरथर, धडधड, वैताग. पन्नासच्या आसपास खुद्द मेंदू उपाशी पडतो आणि माणूस बरळतो, भांडतो, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. सकाळी मधुमेहाची गोळी घेतली, एकादशी म्हणून जेवण टाळलं, आणि बारा वाजता घरात कडाक्याचं भांडण झालं, असा प्रकार मराठी घरांत काही अपूर्व नाही. ग्लुकोमीटरवर बोट टोचेपर्यंत सगळा दोष स्वभावाकडे जातो.

चढ्या साखरेचं कोडं अधिक अवघड आहे, कारण तिचा परिणाम तासांत दिसत नाही, दशकांत दिसतो. सिएटल परिसरातल्या दोन हजारांवर वृद्धांच्या २०१३ साली छापलेल्या अभ्यासात मधुमेह नसलेल्यांमध्येसुद्धा सरासरी साखर शंभरऐवजी ११५ असेल तर स्मृतिभ्रंशाचा धोका १८ टक्क्यांनी जास्त आढळला. इन्सुलिन मेंदूतही काम करतं, आणि अल्झायमरच्या मेंदूत ते नीट काम करत नाही, हे दिसल्यावर काही संशोधकांनी त्या आजाराला तिसऱ्या प्रकारचा मधुमेह म्हणायला सुरुवात केली. नाव चटकदार आहे आणि त्यामुळेच ते गरजेपेक्षा जास्त पसरलं. उपचाराच्या बाजूने पाहावं तर नाकातून इन्सुलिन देण्याच्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. सेमाग्लुटाइड हे मधुमेह आणि वजनासाठी गाजलेलं औषध अल्झायमरच्या सुरुवातीच्या जवळपास चार हजार रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. त्याचा निकाल नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीनेच जाहीर केला: आजाराशी संबंधित काही बायोमार्कर सुधारले, विस्मरणाचा वेग मात्र कमी झाला नाही. साखर ताब्यात ठेवायला डोळे, मूत्रपिंड, हृदय एवढी कारणं पुरेशी आहेत. मेंदूही त्यामुळे वाचेल हे शक्य आहे, पण ते अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

आणखी एक अडचण आहे. रक्तात दिसतं तेच मेंदूत असेल असं नाही. मध्ये रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा आहे, तो निवडून आत सोडतो. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या लिसा पॅन यांच्या गटाने २०१७ मध्ये ३३ तरुण रुग्ण तपासले. या सगळ्यांच्या नैराश्यावर औषधं हरली होती आणि आत्महत्येचे विचार वा प्रयत्न झालेले होते. त्यांच्या पाठीच्या कण्यातलं पाणी काढून पाहिलं, तर २१ जणांत कुठला ना कुठला चयापचयाचा दोष निघाला. त्यांतल्या बारा जणांच्या या पाण्यात फोलेट कमी होतं आणि रक्तात ते व्यवस्थित होतं. त्यांना फोलिनिक आम्ल दिल्यावर बऱ्याच जणांची लक्षणं कमी झाली. अभ्यास लहान आहे, उपचार देताना पोकळ गोळीशी तुलना नव्हती, त्यामुळे फार उड्या मारू नयेत. पण साध्या रक्ततपासणीत या बारा जणांचा रिपोर्ट नॉर्मल आला असता, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

फोलेटचा विषय निघालाच आहे तर परळला जाऊ. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज संशोधक मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बाया एका विशिष्ट पंडुरोगाने दगावत होत्या. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करताना विल्सबाईंना यीस्टच्या अर्काने, म्हणजे इंग्रज लोक पावाला फासतात त्या मार्माइटने, हा पंडुरोग बरा होतो असं आढळलं. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. बी-१२ हा त्याचा जोडीदार. त्याची उणीव झाली तरी तांबड्या पेशी तशाच मोठ्या होतात. फोलिक अ‍ॅसिड दिलं तर रक्त सुधारतं, पण उणीव मुळात बी-१२ची असेल तर मज्जातंतूंची झीज आतल्या आत चालूच राहते. हिमोग्लोबिन चांगलं आलं म्हणून सगळे खुशीत, आणि माणूस हळूहळू अडखळतोय.

बी-१२ शरीरात दोन एन्झाइमांना लागतं. एक होमोसिस्टीनचं मेथिओनिन करतं. त्याच साखळीतून मेंदूतली कित्येक रसायनं आणि मज्जातंतूंवरचं आवरण यांना लागणारे मिथाइल गट मिळतात. दुसरं मिथाइलमॅलोनिक आम्ल मार्गी लावतं. बी-१२ कमी पडलं की ही दोन्ही, होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक आम्ल, रक्तात चढतात. लक्षणं चोरपावलांनी येतात. तळपायांना मुंग्या, चप्पल पायातून निसटली तरी न कळणं, बेसिनपाशी तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जाणं. मनाच्या बाजूने विसरभोळेपणा, चिडचिड, उदासी, क्वचित संशय आणि भास. १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन लिंडेनबाउम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बी-१२अभावी मज्जासंस्थेची वा मनाची लक्षणं असलेल्या १४१ पैकी ४० रुग्णांमध्ये पंडुरोग किंवा मोठ्या पेशी नव्हत्याच. म्हणजे रक्ताच्या साध्या तपासणीवर, हिमोग्लोबिनवर विसंबून राहिलं तर चारांतला एक सुटतो.

आणि हा महाराष्ट्राचा घरगुती प्रश्न आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने मध्यमवयीन ४४१ पुरुष तपासले: खेड्यातले, झोपडपट्टीतले, शहरी मध्यमवर्गातले. २००६ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी निघालं, ५८ टक्क्यांमध्ये होमोसिस्टीन चढलेलं, आणि सर्वांत वाईट अवस्था शहरी मध्यमवर्गाची. गरिबीशी याचा संबंध उलटा लागतो. बी-१२ फक्त सूक्ष्म जीव बनवतात. ते आपल्यापर्यंत येतं मांस, मासे, अंडी, दूध यांतून. भाजी-भाकरीत ते नाही, स्वच्छ केलेल्या पाण्यात तर नाहीच. इडलीच्या आंबवलेल्या पिठात किंवा स्पिरुलिनाच्या गोळीत ते भरपूर असल्याचं ज्या विश्वासाने सांगितलं जातं, तो विश्वास थक्क करणारा आहे. स्पिरुलिनातलं बहुतांश माणसाला उपयोगी न पडणारं रूप असतं. त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि अ‍ॅसिडिटीसाठी रोज सकाळची गोळी. दोन्हींनी बी-१२ आणखी उतरतं. ज्या काकांना आपण मधुमेहामुळे पाय बधिर झालेत असं समजतो, त्यांच्यात निम्मं कारण हेही असू शकतं.

याज्ञिकांच्या गटाचं मोठं काम पुढच्या पिढीचं आहे. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी गरोदरपणाआधीपासून बायकांची नोंद ठेवायला सुरुवात केली, रक्ताचे नमुने गोठवून ठेवले आणि जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा चालू ठेवला. या आयांपैकी जवळपास दोन-तृतीयांश जणींत बी-१२ कमी होतं. फोलेट मात्र क्वचितच कमी होतं. मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा ज्यांच्या आईचं फोलेट चढं आणि बी-१२ उतरलेलं होतं, त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. नऊ वर्षांच्या वयात आणखी एक पाहणी झाली. कागदावर विखुरलेले अंक क्रमाने रेघेने जोडायचे, आणि ऐकलेले आकडे उलट क्रमाने परत म्हणायचे. ज्यांच्या आईचं गरोदरपणातलं बी-१२ अगदी तळाला होतं, ती मुलं या दोन्हींत मागे पडली. आईच्या रक्तातला एक आकडा आणि नऊ वर्षांनी मुलाचं लक्ष लागणं-न लागणं, यांच्यातली ही रेघ पुसट आहे, पण आहे.

मग कसोटी. बी-१२ दिल्याने फरक पडतो का? खरी उणीव आणि मज्जातंतूंची लक्षणं असलेल्या माणसात पडतो, आणि वेळेत दिलं तर चांगलाच पडतो. केवळ होमोसिस्टीन चढलेल्या वृद्धांविषयी चित्र गढूळ आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात सुधा शेषाद्री आणि सहकाऱ्यांना २००२ मध्ये होमोसिस्टीन १४ मायक्रोमोलच्या वर असलेल्यांत अल्झायमरचा धोका जवळपास दुप्पट दिसला. ऑक्सफर्डच्या चाचणीत बी जीवनसत्त्वांनी मेंदू आक्रसण्याचा वेग दोन वर्षांत सुमारे तीस टक्क्यांनी कमी केला. पण २०१४ मध्ये बावीस हजार लोकांवरच्या चाचण्या एकत्र मोजल्या तेव्हा बुद्धीवर काहीच परिणाम निघाला नाही. त्या चाचण्यांतले बहुतेक लोक पाश्चात्त्य देशांतले, मांसाहारी, मुळात फारशी उणीव नसलेले. भरलेल्या भांड्यात आणखी ओतून काय होणार, असं पुण्याचे संशोधक म्हणू शकतात, आणि मला त्यात तथ्य वाटतं.

आपल्यासाठी उत्तर आपल्याच लोकांत शोधावं लागतं, म्हणून त्यांनी २०१२ मध्ये ‘प्रिया’ नावाची चाचणी सुरू केली. त्या सहा गावांत जन्मलेली मुलं-मुली आता अठराच्या आसपास होती. त्यांना रोज फक्त दोन मायक्रोग्रॅम बी-१२, म्हणजे जेवणातून मिळायला हवं साधारण तेवढंच, दिलं जाऊ लागलं. एका गटाला त्याबरोबर इतरही पोषकं, एका गटाला पोकळ गोळी. लोह आणि फोलिक अ‍ॅसिड सगळ्यांनाच. मुलींना पुढे मुलं झाली. ती दोनेक वर्षांची झाल्यावर त्यांची समज आणि भाषा तपासली, तेव्हा नुसतं बी-१२ घेतलेल्या आयांची मुलं पोकळ गोळीच्या गटापेक्षा पुढे होती. बी-१२बरोबर इतर पोषकं घेतलेल्या गटात मात्र हा फरक दिसला नाही. हे का, याचं सोपं उत्तर नाही, आणि मुलांची संख्या थोडी असल्याने निष्कर्ष बेतानेच काढायला हवा. तरीही पीकेयूपासून इथवरच्या वाटेवर, आधी आकडा, मग तो बदलणं, मग वागण्यातला फरक, हे तिन्ही टप्पे आपल्या मातीत पार करायचा प्रयत्न इथे झाला आहे.

गल्लीतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये हल्ली शंभर तपासण्यांचं पॅकेज मिळतं. शंभर आकडे काढले की योगायोगानेच चार-पाच चौकटीबाहेर येतात आणि त्यांच्यामागे माणूस धावत सुटतो. वागण्यात अलीकडे बदल झालेल्या माणसासाठी साखर, सोडियम, टीएसएच, बी-१२ आणि हिमोग्राम एवढं डॉक्टरांकडून आधी पाहून घेतलं तरी पुष्कळ झालं. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही यंत्रांवर टीएसएच खोटा कमी येतो. लॅबला सांगून त्या आधी बंद कराव्यात. आणि अशक्तपणा वाटतो म्हणून बी-१२ची पाच इंजेक्शनं टोचून घेतल्यावर रक्त दिलं तर आकडा छतापर्यंत गेलेला दिसतो, मूळ उणीव होती की नाही हे कळायला मार्ग राहत नाही. रक्त आधी द्यावं. पुण्याच्या अभ्यासातल्या आयांसारख्या बायकांना मात्र बी-१२ कमी आहे का, हा प्रश्न पडण्याचीही सोय नाही. सरकारी आरोग्य केंद्रातून गरोदर बायकांना लाल आणि शाळेतल्या मुलींना निळ्या गोळ्या मिळतात. त्यांत लोह आणि फोलिक अ‍ॅसिड असतं, बी-१२ नसतं.